थोरलीने शिववलेला कावळा

थोरलीने एकदा कोंबडीला आंघोळ घातली होती. सासूबाईंची भाची आमच्याकडे आली होती आणि तिला कावळा शिवला म्हणून ती गोठ्याच्या पडवीत बाहेर बसली होती. तिच्या पायांतून निघालेली कोंबडी फडफडत थेट थोरलीच्या खांद्यावर येऊन बसली. झालं! थोरलीने आधी कोंबडीला पाण्यात बुडवून काढलं, मग स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्यानेच भाकऱ्या थापायला बसली. कोंबडी दिवसभर उन्हात थरथरत उभी होती. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो, पण तिच्यासमोर हसायची छाती कुणाची नव्हती.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. समोर मी तिला बाई म्हणायचे, पण आख्खं साखरा गाव तिला थोरलीच म्हणायचं आणि माझ्या आठवणीतही ती थोरलीच आहे. विटाळाच्या बाबतीत तिच्याइतकी कडक बाई आमच्या भागात दुसरी नव्हती. बाहेर बसलेल्या बाईची सावली लोणच्याच्या बरणीवर पडली तरी तिला कळायचं. ‘‘देवाचं घर हाय हे, बाजार न्हाई,’’ असं म्हणायची. देव म्हणजे आमचा खंडोबा. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात देव्हाऱ्यातल्या त्याच्या टाकाला जपतात तसं माणसालाही जपत नाहीत.

पण या कडकपणातूनही तिने वाटा काढून ठेवल्या होत्या. माझा नामा अंगावर पिणारा असताना त्याच्यापायी मला बाहेर बसावंच लागलं नाही. दूध चालू होतं तोवर तिकडचं सगळं बंद होतं. नंतर मी बसायला लागले तेव्हा तो मोठा झाला होता, आणि पडवीकडे बघून गळा काढायचा. थोरली त्याचा सदरा उतरवायची आणि त्याला माझ्याकडे सोडून द्यायची. ‘‘उघडं लेकरू इटाळ नेत न्हाई,’’ असं ठासून सांगायची. हा नियम जुनाच होता, पण सदरा उतरवण्याची घाई मात्र तिची स्वतःची होती.

नाम्याचं दूध तिनेच तोडलं. तो अडीच वर्षांचा झाला होता आणि सोडायचं नाव घेत नव्हता. संक्रांत झाली तशी थोरलीने कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावायला माझ्या हातात दिला आणि रात्री नाम्याला आपल्या कुशीत ओढून घेतलं. तो रडला, मीही रडले. माझी छाती भरून दगडासारखी झाली होती. सकाळी ती मला म्हणाली, ‘‘लेकरू दोन दिस रडतंय. आई मातर महिनाभर रडती.’’ आणि खरोखर तसंच झालं.

त्या वर्षी आमचे हे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडले होते. गावोगावच्या शेतात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याच्या रानाला खत आणि आपल्याला धान्य, असा तो धंदा. पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. मोठे दीर घरची जमीन करायचे, म्हणून ते आणि थोरली घरीच असायचे. मी लेकरामुळे मागे राहिले होते.

दूध तुटलं आणि थोड्याच दिवसांत, तीन वर्षांनी, मला पुन्हा कावळा शिवला. सगळ्या घराने ते पाहिलं. बाहेर बसणं ही काही लपून करायची गोष्ट नव्हती. सूनबाई पडवीत दिसली की घरालाच काय, शेजारच्या आळीलाही महिन्याचा हिशोब कळायचा. मग पुढचा महिना कोरडा गेला. त्याच्या पुढचाही गेला. मी बाहेर बसले नाही, हेसुद्धा सगळ्यांनी पाहिलं.

माझी नातसून हे लिहून घेते आहे, तिला मी विचारलं, तुला कळतंय ना यात काय होतं ते? ती म्हणाली, दूध बंद झाल्यावर पाळी मागंपुढं होतेच की आजी, त्यात काय एवढं! तिचं बरोबर आहे. पण तेव्हा आमच्या सासूबाईंनी दुसराच हिशोब मांडला होता. नवरा दिवाळीपासून घरात नाही. तो गेल्यावर ही बाहेर बसली, म्हणजे तो गेला तेव्हा पोटात काही नव्हतं. आणि आता दोन महिने बसत नाही. मग हे कुणाचं?

त्या मला तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण माझ्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या. शिमग्याच्या सुमाराला त्या मोठ्या दिरांना सांगत होत्या ते मी भिंतीआडून ऐकलं. ‘‘पुसेगावला हिच्या बापाकडं नेऊन घाला हिला. लेकरू हितंच ऱ्हाईल. पोरगं माघारी आलं की काय ते बघंल.’’ माहेरी अशी गेलेली बाई परत येत नाही, हे मला ठाऊक होतं. आणि नामा इथे राहणार होता. मी निर्दोष होते; पण ते सिद्ध कसं करायचं? माझं अंगच माझ्या बाजूने बोलायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायची होती. सकाळी मी चुलीपाशी बसले होते, तेवढ्यात थोरली आत आली आणि ओरडलीच, ‘‘अगं ए, ऊठ! तिथं काय बसलीस? कावळा शिवलाय न्हवं तुला? समदा सैपाक बाटवलास!’’

मी बघतच राहिले. ‘‘न्हाई वो बाई, मला कुठं...’’ असं पुटपुटले. तिने डोळे वटारले. ‘‘गप ऱ्हा. जा पडवीत.’’ मग शेजारपाजारला ऐकू जाईल अशा आवाजात तिने चूल सारवायला काढली, पाण्याच्या घागरी ओतल्या आणि पिठाचं भांडं राखेने घासलं. दुसरी कुणी असती तर सासूबाईंनी शंभर शंका काढल्या असत्या. थोरलीवर शंका काढायची सोयच नव्हती. जी कोंबडीला न्हाऊ घालते, ती का खोटा विटाळ धरील? गाडी जुंपली गेली नाही.

मी स्वच्छ अंगाने पडवीत बसून राहिले. ती लांबून वरून भाकरी टाकायची, तोंडाने मला शिव्या घालायची, आणि भाकरीत गुळाचा खडा असायचा. त्या रविवारी, खंडोबाच्या वारी, तिने पाण्याचा थेंबही घेतला नाही. मी हळूच विचारलं, तर म्हणाली, ‘‘देवाला सांगितलं म्या, लबाडी केली म्हणून. त्याला येगळं काय समजवायचं? दोन बायका करून बसलाय, त्याला बाईची तकलीफ ठावं हाय.’’

पण गोष्ट एवढ्यावर मिटायची नव्हती. पंधरा दिवस गेले असतील नसतील, आणि मला खरोखरच कावळा शिवला! मी थोरलीच्या कानात सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. ‘‘तुझ्या अंगाला बी काही येळकाळ हाय का न्हाई गं?’’ आता लपवायचं तर देवाचं घर बाटणार, आणि बसायचं तर सासूबाई विचारणार. मी पडवीत जाऊन बसले आणि सासूबाईंनी विचारलंच. ‘‘आता परवाच तर बसली व्हती ही. पुन्ना काहून?’’

थोरली सूप पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘दूध तुटल्यावर अंगाची घडी बसाया टाईम लागतो, आत्याबाई. कवा दोन महिने पत्ता न्हाई, कवा महिन्यात दोनदा.’’

सासूबाई स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, ‘‘व्हय गं. धाकट्याचं दूध तोडलं तवा मला बी असंच झालतं.’’

‘‘मंग शिमग्याला इसरला व्हता का तुमी?’’ थोरली म्हणाली. सासूबाई उठून बाहेर गेल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

पावसाआधी हे परत आले. त्यांना यातलं कुणी काही सांगितलं नाही. माझं अंगही हळूहळू वळणावर आलं.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, निजामाचं राज्य जायच्या वर्षी, गावोगाव भीती पसरली होती. आम्ही थोडी मेंढरं विकली आणि कळमनुरीला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. गाडीत भांडी भरून झाली. हे बैलांपाशी होते. थोरली नाम्याच्या हातात शेंगा कोंबत होती. पुन्हा कधी भेट होईल कुणास ठाऊक, म्हणून इतकी वर्षं मनात साठवलेलं मी बोलून टाकलं.

‘‘बाई, तवा तुमी मला एका शब्दानं बी इचारलं न्हाई. एवढा भरोसा व्हता माझ्यावर?’’

ती म्हणाली, ‘‘भरोसा कायचा? मला बी वाटलंच व्हतं, असंल काहीतरी.’’

‘‘अन् असतं तर?’’

‘‘असतं तर असतं. पाळणा हाय की माळ्यावर.’’ तिने नाम्याला उचलून गाडीत ठेवलं. ‘‘चढ बिगीनं. ऊन व्हऊन राहिलं.’’

कळमनुरीपर्यंत मी रडत गेले. यांना वाटलं, घर सुटलं म्हणून रडते आहे.