हात बघायचे राहिले

साबणबाई येते आहे ही बातमी तिच्याआधी वॉर्डात पोचायची. जिन्यात कुणीतरी उगाच खोकायचं, वरच्या मजल्यावर कुणीतरी ट्रे जरा जोरात आपटायचं, आणि ती दारात येऊन उभी राहीपर्यंत एकूण एक नळ सुरू झालेला असायचा.

"काय योगायोग म्हणायचा! मी आले की नेमके सगळ्यांनाच हात धुवायचे असतात."

कुणी हसायचं नाही. ती वळली की मग हसायचे. "ही बया हात धुवून मागे लागते, आणि वर आपल्यालाच हात धुवायला लावते," हा विनोद त्या हॉस्पिटलात इतका जुना झाला होता, की नवीन आलेल्या नर्सला तो आधी ऐकवायचे आणि लॉकरची किल्ली नंतर द्यायचे.

ती संसर्ग नियंत्रण विभागाची प्रमुख होती. नाव भारदस्त असलं तरी कामाचा अर्थ साधा होता. माणूस जो आजार घेऊन आत येतो, तेवढाच बरा होऊन त्यानं घरी जावं, इथून दुसरा घेऊन जाऊ नये. मोठ्या डॉक्टरांनी ही जागा काढली तेव्हा जिला विचारावं तिनं पाय मागे घेतला. दिवसभर लोकांना 'हे करू नका, ते करू नका' म्हणत फिरायची नोकरी कुणाला हवी? हिनं घेतली. चादरी ठेवायच्या जुन्या खोलीत टेबल टाकलं, कोपऱ्यात एक बेसिन बसवून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात सर्वांत नावाजलेल्या सर्जनला अडवलं.

"सर, अंगठी."

"बायकोनं दिलेली आहे, सिस्टर."

"मग तिच्याकडेच ठेवा ना. पेशंटच्या पोटात कशाला?"

अंगठी निघाली. त्या दिवसापासून तिची जी जरब बसली ती कायमची. आणि खरं सांगायचं तर जखमा चिघळायच्या कमी झाल्या, माणसं लवकर घरी जाऊ लागली. तिला आपल्या कामाचा अभिमान होता, तो फुकाचा नव्हता. घरी मात्र नवरा म्हणायचा, "आपल्याकडे चोर आला ना, तर आधी बेसिन कुठे आहे विचारेल आणि मग कपाट फोडेल."

"अहो, पुरे. तुमचे झालेत का धुऊन?"

तिला घाबरत नव्हतं असं हॉस्पिटलात एकच माणूस. गोटी. नर्सिंगच्या हॉस्टेलपासूनची मैत्रीण. बुटकी, गोल, चालताना घरंगळतेय असं वाटावं अशी. ही उंच आणि सडपातळ, म्हणून हिचं नाव शिडी. दोघी कॉरिडॉरमधून निघाल्या की वॉर्डबॉयसुद्धा बाजूला होऊन बघत राहायचे. गोटी बाळांच्या विभागाची इन्चार्ज होती. वेळेआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली तळहाताएवढी बाळं. त्यांच्याशी ती दिवसभर भांडायची. "काय रे ढमाल्या, आज पुन्हा दूध ओकलास? तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?" त्या वेळी जो सगळ्यांत लहान, तो तिचा ढमाल्या. त्याचं वजन एका मोठ्या आंब्याइतकंही नसायचं.

एकदा बायकांच्या वॉर्डात हात धुण्याचं प्रात्यक्षिक होतं. सगळ्या नर्स गोलात उभ्या. एका नव्या पोरीनं हात पुढे केले आणि साबणबाईचं लक्ष तिच्या बोटांवर गेलं. लाल, सोललेली, सांध्यांवर चिरा पडलेल्या. अशा चिरांमध्ये जंतू घर करून राहतात, कितीही धुतलं तरी निघत नाहीत. हे साबणबाईला ठाऊक होतं. तिचं म्हणणं बरोबरच होतं. पण म्हटलं कसं?

"हे हात आहेत की नांगरलेलं शेत? या हातांनी पेशंटला शिवतेस तू?"

गोल खदखदून हसला. पोरीनं हात ओढून घेतले ते थेट पाठीमागे नेले. त्याच दिवशी तिला खाली तळघरातल्या कपड्यांच्या विभागात, चादरी धुतात तिथे पाठवलं गेलं.

गोटी त्या गोलात होती. ती हसली नव्हती. जिन्यात म्हणाली, "शिडे, बाजूला घेऊन सांगता आलं असतं गं."

"बाजूला घेऊन सांगितलं की एकटीला कळतं. चारचौघांत सांगितलं की सगळ्यांना कळतं."

हे वाक्य साबणबाईला स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे दोन-चार ठिकाणी तिनं ते वापरलंही. आणि सगळ्यांना कळलं, हेही खरंच. काय कळलं, ते मात्र तिला फार उशिरा कळलं.

नंतर नवा साबण आला. तिनंच निवडलेला, पहिल्यापेक्षा जालीम. गोटी एकदा जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "तुझा तो नवा साबण हात खातो गं."

"लाड पुरे झाले. पंधरा दिवसांत सवय होते."

गोटीनं पुन्हा विषय काढला नाही. काही महिन्यांनी दोघी चहा घेत बसल्या होत्या, तर गोटीच्या हातात रबरी हातमोजे.

"अगं, चहासुद्धा मोजे घालून?"

"तूच शिकवलंस की! शिष्य गुरूच्या पुढे गेलाय म्हण." दोघी इतक्या हसल्या की गोटीचा चहा सांडला. मोजे तिनं तरीही काढले नाहीत.

मग बाळांच्या विभागात ताप सुरू झाला. एकाला झाला, मग शेजारच्या पेटीतल्याला, मग तेव्हाच्या ढमाल्याला. रक्तात जंतू सापडला, सगळ्यांच्या एकच. म्हणजे तो बाहेरून आलेला नव्हता, आत कुठेतरी मुक्काम ठोकून होता. साबणबाईनं कंबर कसली. नळांची तोंडं तपासली, दुधाच्या बाटल्या, पेट्यांच्या काचा, वजनाचा काटा, दाराच्या मुठी, डॉक्टरांचे स्टेथोस्कोप. कुठे काही मिळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! गोटी सावलीसारखी तिच्यामागे फिरत होती, पेट्या उघडून देत होती. ढमाल्या गेला तेव्हा तिनंच त्याला मऊ कपड्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं. त्या दिवशी ती कुणाशीच भांडली नाही.

मुलांचे डॉक्टर म्हणाले, "आता हात उरले. सगळ्यांच्या हातांचे नमुने घ्या."

"आधी गोटीचे घेते," साबणबाई म्हणाली, "म्हणजे बाकीच्या कुरकुर करणार नाहीत." मैत्रिणीलाही सूट नाही, हे दाखवायची तिला हौस होती. ती कापसाची काडी घेऊन उभी राहिली. "काढ बाई ते मोजे एकदाचे."

गोटी जागची हलली नाही.

"गोटे, वेळ नाहीये मला."

मग गोटीनं मोजे काढले. हळूहळू, एकेका बोटावरून सोलल्यासारखे. आतल्या हातांना कातडी अशी उरलीच नव्हती. नखांच्या कडा सुजलेल्या, चिरांतून पाणी येत होतं.

"हे... कधीपासून?"

"तो साबण आला तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला?" गोटी म्हणाली. नुसता तो एक शब्द. मग तिला हसू आलं, रडण्यापेक्षा वाईट. "त्या पोरीची चार बोटं बघून तू शेत म्हणालीस. माझे बघून काय म्हणाली असतीस, अख्खा तालुका? चारचौघांत?" आणि मग आवाज खाली आणून, "मला इथून काढलं तर मी करू काय, शिडे? मला दुसरं येतं काय?"

लॅबचा निकाल आला. जंतू तोच. मोज्यांच्या आत घाम आणि जखमा, आणि मोजे बदलताना उघडी बोटं. एवढी फट त्याला पुरली होती.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बैठक झाली. लांब टेबल, खिडकीला जाड पडदे. गोटी शेवटच्या खुर्चीत होती, दोन्ही हातांना पट्ट्या. मोठे डॉक्टर साबणबाईकडे वळले. "तुम्ही प्रमुख आहात. नेमकं चुकलं कुठे?"

सांगायला बरंच होतं. साबण मी आणला, तो हात खातो हे मला सांगितलं गेलं होतं, मी ते हसण्यावारी नेलं. एका पोरीला मी असं काही वागवलं, की त्यानंतर कुणी मला हात दाखवायला धजावलं नाही. हे सगळं घशापर्यंत आलं होतं. पण टेबलाभोवती सर्जन बसले होते, तो अंगठीवालाही होता, आणि तिनं इतक्या वर्षांत बसवलेली जरब होती.

"सिस्टरनं माहिती लपवली," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. म्हणून तर ते जास्त बोचतं. गोटीनं मान वर करून तिच्याकडे एकदाच पाहिलं. बरी होऊन परत येता येईल, डॉक्टरांनी सांगून पाहिलं. गोटीनं राजीनामा दिला आणि लॉकर रिकामा करून निघून गेली. जाताना वाटेत साबणबाईची खोली लागते. ती थांबली नाही.

त्यानंतर मात्र साबणबाईनं सगळं उलटंपालटं केलं. साबण बदलला. प्रत्येक बेसिनपाशी मलमाची बाटली आली. वॉर्डात शिरल्यावर 'धुतले का?' असं न विचारता ती 'बघू, कसे आहेत?' असं विचारू लागली. हात दुखत असले तर पंधरा दिवस टेबलावरचं काम, बदली नाही, बोलणी नाहीत. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एकीनं दाखवले, मग दुसरीनं. बाळांच्या विभागात तो जंतू पुन्हा दिसला नाही. दुसरी हॉस्पिटलं तिला बोलावू लागली, ती माईकवरून सांगू लागली, "आपण हात धुतले की नाही हे मोजतो, हात बघत नाही." टाळ्या पडायच्या.

असंच एक भाषण करून ती घरी आली तेव्हा नवरा पेपर वाचत होता. "हे सगळं छान बोलतेस हं. गोटीला सांगितलंस कधी?"

ती मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

पुढच्या रविवारी ती गोटीच्या दारात उभी होती. तिसरा मजला, गॅलरीत तेलाच्या डब्यांमध्ये लावलेली रोपं. गोटीनं दार उघडलं, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अजून वाढतेच आहेस का गं? ये."

चहा झाला. शिडीनं एका दमात सांगून टाकलं. बैठकीत काय म्हणायला हवं होतं ते, आणि का म्हटलं नाही तेही. "बाळांच्या विभागाला तू हवीस. चल ना परत. मी सगळ्यांसमोर सांगेन, चूक माझी होती म्हणून."

"सगळ्यांसमोर!" गोटी म्हणाली. "तुझं ते चारचौघांत काही सुटत नाही बघ."

मग तिनं दोन्ही हात पुढे धरले, आधी पालथे, मग उताणे. स्वच्छ, मऊ, एकही चीर नाही. "बघ. झाले ना बरे? तेव्हा बघायचे होतेस." हात खाली घेऊन ती कपबशा गोळा करू लागली. "मी नाही यायची. रात्री डोळे मिटले की ढमाल्या दिसतो मला. त्याला मी काय सांगू, शिडीनं माफी मागितली?"

शिडीनं आपली बशी तिच्याकडे सरकवली.

"आणि एक विचारू? माझ्याकडे आलीस, मैत्रीण म्हणून आलीस. त्या पोरीकडे गेलीस का कधी?"

नव्हती गेली. नवे नियम सगळ्या हॉस्पिटलला लागू झाले, पण तळघरात ते कुणी नेले नव्हते. तिथे पेशंट नसतात ना.

सोमवारी ती वॉर्डात न जाता सरळ खाली उतरली. मोठी यंत्रं घरघरत होती, वाफेनं समोरचं धड दिसत नव्हतं. इथे तिच्या येण्याची बातमी आधी पोचली नव्हती. एक बाई पाठमोरी उभी राहून चादरीच्या घड्या घालत होती. आता पोर राहिली नव्हती ती.

"अगं..." साबणबाईनं हाक मारली. पुढचं तिनं जिन्यात जुळवून ठेवलं होतं, ते जिन्यातच राहिलं.

बाई वळली. तिला चष्मा लागला होता. हातातली चादर गळून पडली, आणि दोन्ही हात झटकन पाठीमागे गेले.

"धुतलेत, मॅडम," ती म्हणाली. "आत्ताच धुतलेत."