टिचकी मिस्त्रींनी लावलेला गॅप

टिचकी मिस्त्रींच्या पायाला भिंगरी होती आणि हाताला खाज. गॅरेजमध्ये एक खुर्ची होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी. मिस्त्रींना तिच्यावर टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. काम नसलं की ते धडधाकट इंजिन उघडून बसायचे. यांना घडवताना देव ब्रेक लावायला विसरला, असं त्यांची बायको म्हणायची.

नाव पडलं ते प्लगवरून. प्लगच्या टोकाशी जिथे ठिणगी पडते, तिथे बारीकशी फट असते. गॅरेजच्या भाषेत गॅप. ती मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडच्या मोडक्या तुकड्याने मोजत. प्लगचं वाकडं टोक ओट्यावर टिचकीसारखं हलकेच ठोकायचं, ब्लेड जेमतेम सरकलं की काम झालं. पॉइंट सहा मिलिमीटर. जुन्या गाड्या त्यांनी जन्मभर या एका मापावर चालवल्या आणि घरही साधारण त्याच मापावर.

थोरली मुलगी परगावी नोकरीला निघाली होती. एकटी, स्वतःची गाडी चालवत, आणि तिथेच राहणार होती. मिस्त्रींनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, भरलं ताट सरकवून पाहिलं. ती बधली नाही. खाण तशी माती, दुसरं काय! निघायच्या सकाळी ती बॅग भरत होती, आई डबे भरत होती, आणि मिस्त्रींना घरात उभं राहवत नव्हतं. दारात जायचे, आत यायचे, तहान नसताना पाणी प्यायचे, पुन्हा दारात. शेवटी त्यांनी तिच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

गाडीची तक्रार काहीच नव्हती. पण लेक एवढ्या लांब चालली आणि बापाने गाडीला हात न लावता तिला सोडायचं? त्यांनी चारही प्लग काढले आणि कपाळाला आठ्या घातल्या. केवढा हा गॅप, यातून उंदीर पळेल. मग त्यांनी एकेक प्लग ठोकून ब्लेडच्या मापाला आणला आणि जागेवर बसवला. हात पुसताना त्यांना जरा बरं वाटलं.

लेक “येते” म्हणाली. मिस्त्रींनी नुसतं “हं” केलं. गाडी गेली.

पाय पुन्हा वळवळायला लागले, तसे ते कोपऱ्यावरच्या स्पेअरपार्टवाल्याकडे गेले आणि हल्लीच्या कंपन्यांना कशी अक्कल नाही ते त्याला ऐकवू लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की तिच्या गाडीला गॅप एक पॉइंट एकच लागतो, प्लग तसेच येतात. एवढा मिटवला तर ठिणगी लेचीपेची पडते, उभी गाडी थरथरते आणि बंद पडते.

मिस्त्री तडक स्कूटरकडे निघाले. चालता चालता भलतंच काहीतरी मनात आलं, ते त्यांनी दाबून टाकलं. फोन करण्यात अर्थ नव्हता. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे त्यांनीच तिला बजावलेलं. त्यांनी स्कूटरला किक मारली.

गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर ती दिसली. बॉनेट उघडं होतं, फडक्यावर प्लग ओळीने मांडलेले. फट मोजायच्या फीलर गेजचं पातं आत घालून ती एकेक गॅप हलक्या हाताने उघडत होती. मिस्त्रींनी हात पुढे केला.

“राहू द्या बाबा. तुम्ही बसा.”

ते हवा भरायच्या मशीनशेजारच्या कठड्यावर बसले. गुडघा हलत राहिला. गाडी पहिल्याच सिग्नलला थरथरली तेव्हाच कुणाचा हात लागलाय ते कळलं, असं ती मान वर न करता म्हणाली. तिसरा प्लग बसवून ती थांबली.

“मुद्दाम केलंत?”

“नाही गं. ठोकताना नव्हतं मनात.” मिस्त्री जमिनीकडे बघत होते. “चूक झाली हे कळल्यावर मात्र वाटलं, बंद पडली तर परत येईल.”

तिने चौथा प्लग उचलला, पातं घालून पाहिलं, आणि मग प्लग आणि गेज दोन्ही त्यांच्या हातात दिलं.

“हा तुम्ही लावा. एक पॉइंट एक.”

ब्लेडची सवय झालेल्या हाताला तेवढी फट उघडायला वेळ लागला. तिने घाई केली नाही. प्लग बसला, तिने गाडी चालू केली आणि उभीच ठेवली. मिस्त्रींनी कान दिला. चारही ठोके सारखे पडत होते. कुठेतरी एखादा चुकावा म्हणून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“चालेल?” तिने विचारलं.

“जा,” मिस्त्री म्हणाले.