हनुवटीचा कलप

मला दाढी येते. फार नाही, हनुवटीच्या डाव्या बाजूला थोडे राठ, पांढरे केस. पण येते.

ती काढायचं काम आमच्या यांच्याकडे होतं. गुलमंडीला यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. रविवारी घरी असले की डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या चिमट्यानं माझी हनुवटी साफ करायचे. वर "हलू नकोस, स्प्रिंग उडेल," म्हणायचे. हे गेले आणि दाढीला मोकळं रान मिळालं. मला चष्म्याशिवाय केस दिसत नाहीत, आणि चष्मा लावून आरशाजवळ गेलं की केसाआधी चष्माच आरशावर आपटतो.

सून म्हणाली (पुण्याहून, फोनवरून, आमच्या घरातलं सगळंच हल्ली फोनवरून होतं), "आई, लेझर करून घ्या. कायमचं संपतं." शनिवारी गेले. त्वचेची डॉक्टर वयानं माझ्या सुनेहूनही लहान. तिनं हनुवटी वर केली, दिवा मारला.

"काकू, तुम्हाला लेझर नाही चालणार."

"का? वय झालं म्हणून?"

"केस पांढरे आहेत म्हणून. लेझर केसातला काळा रंग शोधतो. पांढरा केस त्याला दिसतच नाही."

(मलाही दिसत नाही. लेझरबद्दल एकदम आपुलकी वाटली.)

"मग दुसरं काय?"

"इलेक्ट्रोलिसिस. एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून करंट द्यायचा. पांढऱ्यालाही चालतं, आणि तेच खरं कायमचं. पण पुष्कळदा यावं लागेल. वॅक्सिंग, थ्रेडिंग केलंत तर पुन्हा उगवणार."

सुई आणि करंट एकाच वाक्यात आल्यावर मी पर्स उचलली. रिक्षात बसल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. पांढरा दिसत नाही ना? मग काळा करू! यांच्या मिशीच्या कलपाचं पाकीट मोरीतल्या फळीवर अजून तसंच होतं. टाकायला माझा हात धजला नव्हता. (वापरायला धजला.)

रविवारी सकाळी कलप कालवला, हनुवटीला थापला आणि पेपर घेऊन बसले. पेपर वाचता वाचता डुलकी लागली. उठून पाहते तर केस काळे झाले होते. सोबत हनुवटीही! साबण लावला, लिंबू चोळलं, शेवटी भांड्यांची घासणी घेतली. काळं जागचं हललं नाही, भोवती लाल तेवढं झालं. तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा मुलाचा फोन. आठवडाभर मी त्याचीच वाट बघत असते, त्यामुळे हनुवटीबिनुवटी विसरून धावत जाऊन उचलला. व्हिडिओ चालू.

"आई! काय झालं? पडलीस?"

"नाही रे. कलप लावलाय."

"कुठं?"

"हनुवटीला."

पलीकडे दबक्या आवाजात सुनेला, "आई काहीतरी भलतंच बोलतेय." आणि फोन बंद.

पाच मिनिटांत समोरच्या शेखभाभी बर्फ घेऊन आल्या. "बेटे का फोन आया. गिरे क्या? बैठो, हिलो नक्को."

"भाभी, मैंने कलप लगाया."

"हौ हौ, लगाए," भाभी कीव करत म्हणाल्या. "बर्फ पकडो."

मुलानं गावाकडेही फोन केला असणार, कारण तासाभरात बिडकीनहून धाकटे दीर आणि जाऊ कमल गाडी करून हजर. दीर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, मला वळखलं का?"

"तुम्हाला कोण नाही ओळखणार, भाऊजी?"

"आज वार कंचा?"

"रविवार."

"आपला दादा कुठंय?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. इतके महिने झाले, पण ते वाक्य मी अजून तोंडानं उच्चारलेलं नाही. मार डोक्यालाच लागलाय याची सगळ्यांना खात्री पटली.

"चला, डोक्याचा फोटू काढू," दीर उठले. कमल टॉवेल आणायला मोरीत गेली आणि कलपाची वाटी घेऊन बाहेर आली.

"जाऊबाई, खरंच कलप लावला व्हय तुमी?"

"मघापासून तेच सांगतेय."

"दाढीला?"

"व्हय."

कमल मोरीच्या उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. शेखभाभींना सांगायला गेली तर तिला बोलताच येईना. मग मला खिडकीत उजेडाला बसवलं, खोबरेल चोळलं, बेसन लावलं. कातडीचा रंग जरा उतरला, पण काळे केस आता कुणालाही दिसतील असे उभे होते. कमलनं शिवणाचा दोरा दातात धरला, माझी हनुवटी मुठीत घेतली आणि एकेक केस उपटला. हे गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला घरातल्या कुणाचा हात लागला नव्हता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दुखतंय व्हय?"

"लई," मी म्हटलं.

संध्याकाळी भाभींच्या घरचं सालन आणि कमलच्या भाकरी. दीर गॅलरीत उभं राहून मुलाला फोनवर सांगत होते, "काय नाय झालं रे, तुझ्या आईला दाढी आलीय." अख्ख्या गारखेड्याला ऐकू गेलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गेले आणि घरात पुन्हा फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला.

नंतर पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, वरून रंगवून उपयोग नसतो, मूळ पांढरंच राहतं. सुईनं करून घ्या, कायमचे जातील." मुलगाही म्हणतो, कायमचं मिटवून टाक. मी "बघू" म्हणते. कारण कमल आता अधूनमधून एसटीनं येते, दोरा काढते, केस उपटते आणि दुपारभर बसून गावातल्या गोष्टी सांगते.

मागच्या खेपेला मात्र तिनं माझी हनुवटी उजेडाला धरली आणि म्हणाली, "आता लई कमी झालेत. दोन म्हैने तरी यायची गरज नाय."

तेव्हापासून मी रोज हनुवटीला एरंडेल चोळते. केस भराभर वाढतात म्हणे.