शिट्टीच्या आधीचा श्वास

चार रस्ते जिथे मिळतात त्या चौकात गेली एकवीस वर्षं एकच वाहतूक हवालदार उभा होता. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं होतं. बसचालकांपासून शाळकरी पोरींपर्यंत सगळे त्यांना शिट्टीमामा म्हणत. मामांच्या शिट्टीला भाषा होती. एक लांब म्हणजे थांबा, दोन तुटक म्हणजे निघा. तिसरी होती ती जिभेच्या टोकाने तोडत, थरथरवत काढलेली. सिग्नल मोडायच्या बेतात असलेल्या माणसाला चाळीस गाड्यांच्या गर्दीतही ती नेमकी आपल्यासाठीच आहे हे कळायचं, आणि तो मुकाट्याने ब्रेक दाबायचा.

हा चौक सुटायची वेळ येईल असं मामांच्या कधी मनातही आलं नव्हतं. पण यंदाच्या वार्षिक तपासणीत फुप्फुसांची चाचणी आली. रांग मोठी, तपासणारा घाईत. त्याने नळी हातात दिली, "जोरात फुंका" म्हणाला, मामांनी फुंकलं, यंत्राने कागद बाहेर टाकला. डॉक्टरांनी तो कागद दोनदा पाहिला.

"सिगारेट ओढता?"

"नाही साहेब. बसचा धूर ओढतो."

डॉक्टर हसले नाहीत. "वयाच्या मानाने आकडा फारच कमी आहे. तीन महिन्यांनी परत या. आणखी घसरला तर मी लिहून देणार. मग चौक बंद, तळघरात जप्तीच्या कागदांची कपाटं सांभाळायची."

मामांची झोप उडाली ती त्या दिवसापासून. ते तळघर त्यांनी पाहिलं होतं. तिथे बसलेला माणूस सहा महिन्यांत कागदाच्या रंगाचा होतो. आणि घसरला म्हणजे काय, हा दुसरा किडा डोक्यात होताच. छातीच्या आत कुणीतरी एकेक खिडकी बंद करत चाललंय असं त्यांना वाटू लागलं. चौथ्या मजल्यावरच्या घरी जाताना ते दुसऱ्याच मजल्यावर थांबून कानोसा घ्यायचे. स्वतःच्या छातीचा.

मामा हात टेकणारे नव्हते. इतकी वर्षं तोंडावर नुसता रुमाल बांधायचे. आता नाकावर पट्टी दाबून बसवायचा जाडा मास्क आणला, दाढीच्या खुंटातून हवा शिरते म्हणून रोज गुळगुळीत दाढी सुरू केली. घरात केरसुणी बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. डासांची कॉइल बंद, जाळी लावली. रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी लावून घ्यायची आणि दुपारी उघडायची. बायको हे सगळं दोन आठवडे बघत होती.

"अहो, आता मी श्वास घेतला तर चालेल ना? की तोही ठरल्या वेळी घ्यायचा?"

"थट्टा सुचतेय तुला."

"मग काय रडू? दिवसातून दहादा छातीवर हात ठेवून उभे राहता. शेजारीण विचारत होती, यांना प्रतिज्ञा म्हणायची सवय लागली का."

चौकाच्या कोपऱ्यावर हवेचा आकडा दाखवणारा फलक होता. मामांची नजर आता दर दोन मिनिटांनी तिकडे जायची. आकडा हिरवा असला तरी धीर वाटायचा नाही, लाल झाला की घसा आपोआप खवखवायचा. आणि इतकं करूनही खोकला हटत नव्हता. संध्याकाळी खाकरलं की बेसिनमध्ये काळं पडायचं.

पाचव्या आठवड्यात बायकोने त्यांचा वापरलेला मास्क उजेडात धरून उलटसुलट केला. "हा आतून कोरा आहे. बाहेरूनही फारसा मळलेला नाही. मग तुमच्या घशात येतंय ते काळं कुठून?"

दुसऱ्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन चौकात उतरली आणि बसथांब्याच्या आडोशाला अर्धा तास नवऱ्याला न्याहाळत उभी राहिली. मामांनी तिला पाहिलं. ओळख दाखवावी की नाही, ते कळेना. रात्री जेवताना तिने विषय काढला.

"शिट्टी वाजवायच्या आधी काय करता?"

"काय करतो? मास्क खाली ओढतो. त्यातून कशी वाजेल?"

"मग?"

"मग काय, वाजवतो."

"त्याच्या मधे. मास्क खाली ओढता, आणि छाती भरून श्वास घेता. एवढा मोठा. मी मोजले, अर्ध्या तासात साठच्या वर. तेही नेमके कधी, तर चार बस एकदम सुटतात आणि मागून धूर सोडतात तेव्हा." तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. "अहो, तुम्ही मास्क घालता तो श्वास सोडायला, आणि काढता तो घ्यायला."

मामांचा घास हातातच राहिला. एकवीस वर्षांत शिट्टी बाहेर जाताना त्यांनी ऐकली होती. तिच्या आधी काय आत जातं याचा विचार त्यांना कधी शिवला नव्हता.

शिट्टी खिशात ठेवून नुसत्या हातांनी चौक चालवायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या दिवशी त्यांचे हाल कुत्रा खाईना. हात आडवा केला तर लोकांना वाटायचं मामा आळस देताहेत. जीभ मास्कच्या आत आपली आपण थरथरायची. एक स्कूटर त्यांच्या बुटाला घासून गेली. नेहमीचा उंच बसचालक खिडकीतून वाकून म्हणाला, "मामा, मुके झालात का? वहिनी रागावल्या की काय?"

तोडगा निघाला तो माळ्यावरून. जुन्या सायकलचा रबरी फुग्याचा भोंगा बायकोने घासूनपुसून दिला. तो हातात घेऊन चौकात उभं राहायची मामांना अशी लाज वाटली की पहिला पों त्यांनी भोंगा पाठीमागे धरून केला. अख्खा चौक वळून बघायला लागला, आणि बघायचं म्हणजे थांबणं आलंच. एक लांब पों, दोन तुटक पों. तिसरी, थरथरती शिट्टी मात्र भोंग्याला जमेना.

"मामा, आइस्क्रीम कोणतं कोणतं आहे?" उंच चालकाने विचारलं.

"तुझ्यासाठी पावतीचं," मामा मास्कच्या आतून म्हणाले. उभं राहायची जागाही त्यांनी बदलली. बस सुटतात त्याच्या मागे नाही, वारा ज्या बाजूने येतो तिकडे.

तीन महिने पुरे झाले तशी बेचैनी पुन्हा वर आली. तपासणीच्या सकाळी बुटाच्या नाड्या त्यांनी तीनदा सोडून बांधल्या. या वेळी नळी द्यायला एक ताई होती. मामांनी डोळे मिटले, छाती भरली, फुंकलं. कागद आला. आकडा मागच्याहूनही खाली.

मामा खुर्चीतच बसून राहिले. तळघरातली कपाटं डोळ्यांपुढे आली. तीन महिन्यांची गुळगुळीत दाढी, भोंगा, ओली फडकी, सगळं पाण्यात.

ताई मात्र कागदावरच्या रेघेकडे भुवया आकसून बघत होती. "मामा, काम काय करता?"

"चौकात असतो."

"शिट्टी वाजवता?"

"वाजवत होतो."

"आत्ताही वाजवलीत. गाल फुगवलेत, जिभेने तोडलंत आणि संपलं. याला फुंकणं म्हणत नाहीत. फुग्याची गाठ सुटल्यावर तो कसा रिकामा होतो? तसं, शेवटच्या थेंबापर्यंत. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आणि जीभ खाली."

जीभ खाली ठेवणं सर्वांत अवघड गेलं. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्याला मामांनी स्वतःच्या हाताने गाल दाबून धरले आणि डोळ्यांपुढे काजवे येईपर्यंत श्वास सोडला. नंतरचे दोन सरळ आले. कागदावरची रेघ लांबलचक उतरत गेली. आकडा दीडपट.

डॉक्टरांनी नवा कागद जुन्याशेजारी ठेवला. "हा वयाच्या मानाने थोडा कमी आहे, पण चौक सोडावा इतका नाही. जुना रद्द. ती तुमची शिट्टी होती, फुप्फुसं नव्हती."

"म्हणजे मी सुधारलो की घसरलो?"

"ते सांगता येणार नाही. मागचा खरा आकडा आपल्याकडे नाहीच. आजचा हा पहिला. सहा महिन्यांनी याच्याशी ताडून बघू. तोपर्यंत चौकात उभे राहा, मास्क न काढता."

बाहेर बायको वाट बघत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चुकीच्या कागदापायी आपण तीन महिने जाळीत झोपलो."

"कागद बरोबर निघाला असता तर मी रुमालच बांधून उभा राहिलो असतो."

पिशवीतून नवा मास्क काढून तिने त्यांच्या हातात दिला.

चौकात आले तेव्हा फलक लाल होता. मामांनी नाकावरची पट्टी दाबली, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि दोन पावलं डावीकडे सरकले. सिग्नल लागला. एक दुचाकी घुसायच्या बेतात होती. जीभ थरथरली, डावा हात मास्कपर्यंत गेला, तिथे क्षणभर रेंगाळला आणि खाली आला. मग उजव्या हाताने त्यांनी भोंगा पटापट, तोडत तोडत, सात-आठ वेळा दाबला.

दुचाकीवाला थांबला आणि आजूबाजूला बघू लागला, हे आपल्यालाच होतं का म्हणून.