उतरलेला ताप

मला जुन्या काळातल्या आजारांच्या आणि मरणांच्या गोष्टी सांगायला आवडतात, हे आधीच सांगून टाकते. आठवडाभर सिंगापुरातल्या तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करायचं आणि महिन्यातून एखाद्या रविवारी त्याच भागातल्या, खाली दुकान वर घर अशा जुन्या दुकानघरांमधून आपल्या मराठी मंडळींना फिरवून आणायचं, हा माझा छंद. मंडळींना बंदर, जहाजं, मसाल्याचे व्यापारी यांच्याबद्दल ऐकायचं असतं. मी त्यांना पटकी आणि हिवताप ऐकवते. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर फिरून आलेला माणूस घरी जाऊन आधी स्वतःची नाडी बघतो.

त्या रविवारी माझे बाबाही बरोबर होते. अधिक महिना चालू होता आणि जावयाला वाण द्यायला ते सांगलीहून मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटवर आले होते. सोबत अनारशांचा डबा, चांदीचं निरांजन आणि औषधांची पिशवी. ही पिशवी इथल्या बहुतेक मराठी घरांत सापडते. इथला डॉक्टर महाग आणि इथलं औषध मिळमिळीत, अशी आमची पक्की समजूत. त्यामुळे गावाहून येणारा प्रत्येक जण मेतकूट-चटणीबरोबर गोळ्याही आणतो. त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. सर्दीची पिवळी, पोटाची गुलाबी, अंगदुखीची नारिंगी, एवढ्यावर काम भागतं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, पण गल्लीचे अर्धे डॉक्टर. त्यांच्याकडे आधी गोळी, मग चौकशी.

एका बंद दुकानघरासमोर मी सगळ्यांना थांबवलं आणि डॉक्टरच्या घोडागाडीची गोष्ट सुरू केली. इंग्रजांच्या सुरुवातीच्या दिवसांत इथं डॉक्टर यायचा तो चौकोनी पेटीसारख्या बंद गाडीतून. तिला लाकडी झडपांच्या खिडक्या, पुढे सुमात्राहून आणलेलं बुटकं तट्टू, आणि त्याच्या तोंडापाशी लगाम धरून शेजारून अनवाणी पळणारा मोतद्दार. या उन्हात तट्टूही कोसळायचं आणि मोतद्दारही. घरात कुणी तापाने फणफणलेलं असलं की माणसं चाकांच्या आवाजाकडे कान लावून बसायची. पण डॉक्टर आला म्हणजे सुटका झाली, असं नव्हतं. तो जळवा लावी, शीर कापून रक्त काढी, राईच्या लेपाने कातडीवर फोड आणी आणि वर पाऱ्याची पूड देई. पाऱ्याने हिरड्या सुजून रक्त यायला लागलं की डॉक्टर खूश, कारण औषध लागू पडल्याची ती खूण समजत. यातून जे वाचत त्यांना रोज संध्याकाळी गाडीत बसून समुद्रकाठी हवा खायला सांगत. जे वाचत नसत त्यांनाही गाडीतूनच नेत.

मंडळी हसली. बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले आणि म्हणाले, म्हणजे माणूस तापाने गेला की डॉक्टरने, हे कळायची सोयच नव्हती. पुढे दिवसभर ते हेच वाक्य भेटेल त्याला ऐकवत होते.

नवरा मात्र हसला नाही. तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणाला. ऊन लागलं असेल, असं मी म्हटलं आणि पुढच्या घराकडे वळले.

आमच्या इमारतीत लिफ्टजवळ तेव्हा डेंग्यूचा लाल फलक लागला होता. धूर मारणारी माणसं दर थोड्या दिवसांनी येत आणि खालची हिरवळ पांढऱ्या धुरात नाहीशी होई. बाबांनी आल्या दिवशीच तो फलक नीट वाचला होता. माझ्या तुळशीखालच्या ताटलीतलं पाणी ओतलं होतं, बाथरूममधली बादली उपडी घातली होती, संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायचा नियम केला होता. डासाला ते मनापासून भीत. पिशवीतलं मात्र सगळं आपलं, सांगलीचं, ओळखीच्या दुकानातलं. त्याची कसली भीती?

संध्याकाळी नवऱ्याला सणकून ताप भरला. सकाळी क्लिनिकला जाऊन येतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तोवर पॅरासिटामॉल घे, दुसरं काही नको. बाबांनाही तेच बजावलं. त्यांनी मान डोलावली. माझी महिनाअखेर होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मला ऑफिसला जाणं भाग होतं. क्लिनिकला जाणं राहूनच गेलं. बाबा म्हणाले होते म्हणे, तिथं तापल्या अंगाने रांगेत कशाला बसता, मी आहे ना. आमच्या नवऱ्याला साधी शिंक आली तरी एरवी क्लिनिक आठवतं. पण अधिक महिन्यात घरी आलेला सासरा, त्याने जावयाला पाटावर बसवून ओवाळलेलं, हातावर वाण ठेवलेलं. त्याच हाताने तो गोळी देतो तेव्हा नको कसं म्हणायचं? क्लिनिकला गेला नाही म्हणून मी संध्याकाळी फोनवरून चिडले तर तो हळूच म्हणाला, "राहू दे. त्यांना वाईट वाटेल."

आणि ताप उतरला. आठवड्याच्या मध्यावर मी घरी आले तर बाबा दारातच उभे होते. "उतरला की नाही?" असं त्यांनी विचारलं ते मला नव्हे, बहुतेक साऱ्या सिंगापूरला. नवरा पलंगावर बसून मऊ भात खात होता. अंग गार होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी बाबांना आवडतो तसा, आलं किसून, चहा करून दिला. पुढे हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. आम्ही मात्र त्या संध्याकाळी चहाबरोबर उरलेले अनारसे संपवत होतो.

दुसऱ्या सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं. नवरा दात घासत होता आणि हिरड्यांतून येणारं रक्त काही थांबत नव्हतं. त्याच्या दंडावर बारीक लाल ठिपके उठले होते. पोट दुखतंय म्हणाला आणि भिंत धरून खाली बसला. बाबा टॉवेल घेऊन आले. मी घाबरले आहे हे बघून त्यांनी मला समजावलं.

"अगं, उष्णता बाहेर पडतेय. चांगलंच आहे."

चार दिवसांपूर्वी रस्त्यात उभं राहून मी याच खुणेवर लोकांना हसवलं होतं, आणि बाबा तेव्हा पोट धरून हसले होते. त्यांना आता त्याची आठवणही नव्हती. ते प्रेमाने जावयाची पाठ चोळत होते. मला त्या पाठीवरच्या हाताचीच भीती वाटली. मी अॅम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात तरुण चिनी डॉक्टर होती. रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं. तिने मला विचारलं, याने तापासाठी काय घेतलं? मी म्हटलं, फक्त पॅरासिटामॉल. मला तेवढंच माहीत होतं. नवरा ग्लानीत होता. मग ती बाबांकडे वळली.

"अंकल, यू गिव्ह हिम एनी अदर पेनकिलर?"

"नो, नो. नथिंग."

बाबांनी हे जमिनीकडे बघत सांगितलं. बँकेत आयुष्य काढलेला हा माणूस मी कधी खोटं बोलताना पाहिला नव्हता, म्हणूनच मला ते लगेच कळलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि मराठीत विचारलं, काय दिलंत? ते पुटपुटले की इथले कायदे फार कडक आहेत, परदेशातलं औषध दिलं म्हणून पकडतील, तुमच्या पी.आर.वर, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवासावर, गदा येईल. मी आवाज चढवला. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"बाबा, तो मरतोय. काय दिलंत त्याला?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नारिंगी गोळ्यांची चुरगळलेली पट्टी काढली. ती रिकामी होती. तुझ्या पॅरासिटामॉलने काही होईना, म्हणाले, अंग फार ठणकत होतं बिचाऱ्याचं. डॉक्टरने पट्टी उलटून मागचं नाव वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. डेंग्यूत ही गोळी रक्तस्राव वाढवते, पोटात आतून रक्त जात असणार, एवढं तिने मला चालता चालता सांगितलं. पडदा ओढला गेला. आत माणसांची धावपळ ऐकू येत होती.

आम्ही दोघं बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. थंडगार एसी होता आणि बाबांच्या अंगात घरातला पातळ सदरा. मी त्यांना माझी शाल दिली नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"त्यांना काही झालं, तर तू मला बाबा म्हणशील?"

मी तोंडाची तिखट आहे, पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून काहीबाही बोलणं मला कधी जमलं नाही. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता, इतका की त्यांची दयासुद्धा येत नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

नवरा वाचला. रक्त द्यावं लागलं, बरेच दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं, घरी आला तेव्हा पँट कमरेवर थांबत नव्हती. त्याने बाबांना एका शब्दाने दुखावलं नाही. ते परत निघाले तेव्हा तो विमानतळावर त्यांच्या पाया पडायला वाकला, तर बाबांनी पाय मागे घेतले.

आता मी रोज संध्याकाळी सांगलीला फोन करते. जेवण, बीपी, शेजारपाजार, सगळं बोलणं होतं. पण सुरुवातीला मी "बाबा" म्हणते तेव्हा पलीकडून पूर्वी लगेच "बोल गं" यायचं. आता थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही.