भावोजी आणि बोटभर पापलेटं

आमच्या भावोजींनी आयुष्यात कुणाला साधी चापट मारली नसेल, पण समोरच्याला अवाक करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ताईला बघायला ते पनवेलला आमच्या घरी आले, तेव्हा आईने हौसेने जेवायला थांबवून पापलेटं तळली. भावोजींनी खिशातून पट्टी काढली, ताटातलं पापलेट डोक्यापासून शेपटीपर्यंत मोजलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मादी असेल, तर हिने अजून एकदाही अंडी घातली नसणार." बाबांचा घास हातातच राहिला. आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेर येईना. पाहुणे गेल्यावर ताई एवढंच म्हणाली, "मला पसंत आहेत."

लग्नानंतर ते आमच्याच गल्लीत राहायला आले आणि धक्के रोजचे झाले. समुद्रात कुठला मासा किती उरलाय, याची पाहणी करणं ही भावोजींची नोकरी. सकाळी स्कूटरवरून उरणजवळच्या मोरा बंदरावर जायचं, होड्या लागल्या की टोपल्यांतले मासे मोजायचे आणि त्यांची पोटं फाडून काय खाल्लंय ते बघायचं. ती पोटं मग माशाच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांत भरून घरच्या फ्रिजमध्ये. आईने एकदा लोणचं समजून बाटली उघडली आणि दोन दिवस जेवली नाही. भावोजींनी मनापासून माफी मागितली, आणि लगेच विचारलं, "चिठ्ठी बोंबलाची होती की घोळीची? नाहीतर नोंद चुकेल."

नव्वद सालानंतर कधीतरी ते मला बंदरावर घेऊन गेले. एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, होडीतून टोपल्या उतरल्या. आत सगळी बोटभर पापलेटं. भावोजींनी दहा-बारा मोजली आणि पट्टी तांडेलासमोर धरली.

"ही बारीक जाळी बंद करा," ते तांडेलाला म्हणाले. "पुढे दर्यात काही उरणार नाही."

"तुमाला पगार हाय, साहेब. आमी काय खावाचा?"

बारीक जाळीने दर्यात काही उरणार नाही, हेच भावोजींनी अहवालात लिहिलं. वरून आकडे जरा सौम्य करायला सांगण्यात आलं. माशालाही 'सॉरी' म्हणून चिरणारा हा माणूस चक्क नाही म्हणाला. ताईला ते कळलं थेट बदलीचा कागद आल्यावर. विदर्भात, गोड्या पाण्याच्या तळ्यांवर.

सामान बांधत होतो, तर बदलीची खबर बंदरावर ऐकून तोच तांडेल दारात उभा. मला वाटलं, भांडायला आलाय. तो खुर्चीच्या कडेला टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "साहेब, जाल्याचे डोले मोठे केले मी. बारकी सुटून जातान आता."

"बाकीच्यांनी?"

"नाय. मी एकल्यानंच." जरा थांबून तो म्हणाला, "शेजारची होरी भरून येते. माजी अर्धी."

कुठल्याही प्रश्नावर भावोजींकडे आकडा तयार असायचा. त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मग त्यांनी चपला घातल्या आणि त्याला एसटी स्टँडवर सोडायला निघाले. ताई आणि मी गॅलरीतून बघत होतो. दोघं शेजारी शेजारी, सावकाश चालले होते. दिवेलागण झाली, उरणची गाडी केव्हाच सुटली असणार. भावोजी मात्र बराच वेळ परतले नाहीत.