भावजींनी पुसलेला सेन्सर

स्टुडिओवर पाटी नवऱ्याची, पण फोटो काढायच्या वहिनी. नवरा गेला तरी धाकटे भावजी रोज सकाळी येऊन खुर्ची अडवत. चहा आणि सल्ला, याखेरीज त्यांनी दुकानाला कधी काही दिलं नाही.

त्या दिवशी दुपारी शाळेत वर्गांचे फोटो होते. सकाळी वहिनी दुकानात शिरल्या तर भावजी कॅमेऱ्याची लेन्स काढून, रुमालाचं टोक पेन्सिलीला गुंडाळून आत घासतायत!

"अहो, काय चालवलंय?"

"धूळ काढतोय. कालच्या फोटोत आभाळात वर ठिपका होता ना? फुंकर मारली, हलेना. म्हणून रुमाल ओला केला."

"कशानं?"

भावजींची जीभ तेवढी आत गेली.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थुंकी? चित्र उमटतं त्या सेन्सरवर? आणि फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो, भावजी! लेन्समधून चित्र उलटं पडतं. धूळ राहिली खाली, तुम्ही वरची स्वच्छ जागा खरवडलीत!"

"बाईमाणसानं मशिनचं इतकं..."

"पुढचं बोलू नका."

राग त्यांनी हातात उतरू दिला नाही. पूर्ण भरलेली बॅटरी घालून सेन्सरपुढचा आरसा वर उचलला; बॅटरी संपली तर तो मध्येच खाली आपटायचा. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून रबरी फुग्यानं हवा मारली. धूळ खाली पडली. मग सेन्सरच्याच रुंदीची कोरी पट्टी, सफाईच्या द्रवाचे दोन थेंब, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हलका हात. पट्टी उलटून परत एकदा, आणि कचऱ्यात. लेन्स परत बसवून, डाग ठळक दिसावेत म्हणून तिचं छिद्र बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला. ठिपका गेला, थुंकीही गेली. फोटोच्या तळाशी मात्र केसाएवढा ओरखडा.

"एवढासा? खाली कोण बघतंय!" भावजी म्हणाले.

"खाली पहिली रांग बसते. सगळ्यांत लहान मुलं. त्यांच्या पायांवरून ही रेघ जाणार, आणि नावं मला ठेवणार. दुकानाची किल्ली ठेवा इथे."

"दादानं दिलेली किल्ली आहे, वहिनी."

"दादानं कुलूप उघडायला दिली होती, कॅमेरा नाही."

शाळेत त्यांनी प्रत्येक वर्गापुढे रिकाम्या जमिनीची पट्टी सोडली, नंतर रेघेसकट कापून टाकायला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जरा जवळून घ्या ना." काय सांगणार? दात खात वहिनींनी होत्या तिथूनच बटण दाबलं.